भिन्न काळांतील अजिंक्य संघांची तुलना : रणजी करंडकाचा पुरावा

१९५८-५९ ते १९७२-७३ ह्या सलग पंधरा हंगामांत रणजी करंडक मुंबईच्या संघाकडे राहिला. मार्च २०२४ मध्ये वानखेडे मैदानावर विदर्भाचा १६९ धावांनी पराभव करून मुंबईने तोच करंडक बेचाळिसाव्यांदा जिंकला, त्या वेळी संघाचे नेतृत्व अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील आश्वी खुर्द येथे जन्मलेल्या अजिंक्य रहाणे ह्याच्याकडे होते. ह्या दोन मुंबई-संघांपैकी श्रेष्ठ कोणता, असा प्रश्न क्रीडाप्रेमी मंडळींत निघाला म्हणजे त्याचे उत्तर बहुधा उत्तर देणाऱ्याच्या वयावरून ठरते. ज्याने तरुणपणी वाडेकर-सरदेसाईंचा खेळ पाहिला त्याला पुढचे सर्व फिके वाटते; ज्याचे डोळे अलीकडच्या वेगवान खेळावर पोसले गेले आहेत त्याला जुना खेळ संथ वाटतो. प्रश्न मात्र एवढ्यावर सोडून द्यावा इतका क्षुल्लक नाही. निरनिराळ्या काळांतील दोन समूह एकमेकांसमोर कधीच उभे राहिलेले नसताना त्यांच्या गुणवत्तेची तुलना कोणत्या आधारावर करावी, हा पद्धतीचा प्रश्न आहे. आणि विद्यापीठांच्या परीक्षांचे निकाल, पिकांचे उतारे किंवा कारखान्यांची उत्पादकता ह्यांच्या कालिक तुलनेतही तो अशाच स्वरूपात उभा राहतो. खेळाचा लाभ इतकाच की, येथील नोंदी दीर्घ काळाच्या, सार्वजनिक आणि बऱ्याच अंशी निर्विवाद आहेत.

सर्वांत सोपे माप म्हणजे विजेतेपदांची संख्या. ते सोपे आहे म्हणूनच फसवे आहे. इंदूरच्या होळकर संघाचे उदाहरण घ्यावे. १९४४-४५ ते १९५४-५५ ह्या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा अंतिम सामन्यात पोहोचला, परंतु करंडक त्याला चारच वेळा मिळाला. केवळ करंडक मोजणारा अभ्यासक ह्या संघाला सामान्य यशाचा संघ ठरवील. अंतिम सामने मोजणारा त्याला आपल्या काळातील सर्वांत सातत्यपूर्ण संघ म्हणेल. राजस्थानची गोष्ट ह्याहून विलक्षण आहे. १९६०-६१ ते १९७३-७४ ह्या काळात राजस्थानने आठ अंतिम सामने खेळले आणि आठही गमावले. त्यांतील सात मुंबईविरुद्ध होते. मुंबई नसती तर हाच काळ कदाचित राजस्थानचे युग म्हणून ओळखला गेला असता. क्रमांक दोनच्या संघाची उंची ठाऊक नसेल, तर क्रमांक एकच्या संघाची उंची कशावरून मापावी?

दुसरे माप विजयाच्या अंतराचे. त्याच्याही मर्यादा लवकर दिसतात. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये अजिंक्य संघांच्या तुलनेचा छंद फार जुना आहे. तेथे १८८८ च्या येल विद्यापीठाच्या संघाने तेरा सामन्यांत मिळून ६९८ गुण मिळवले आणि एकही गुण दिला नाही. तरीही त्याला २०१९ च्या पंधरापैकी पंधरा सामने जिंकणाऱ्या लुइझियाना राज्य विद्यापीठाच्या संघाहून बलवान मानण्यास कोणी धजत नाही, कारण येलचे प्रतिस्पर्धी खेळ नुकताच शिकत होते. १९४५ च्या लष्करी अकादमीच्या अपराजित संघाविषयी अशीच शंका घेतली जाते. युद्धामुळे इतर महाविद्यालयांतील तरुण सैन्यात गेलेले होते आणि अकादमीकडे मात्र उत्तम खेळाडू एकवटले होते.

रणजी करंडकाच्या आरंभीच्या नोंदींतही असे डोंगराएवढे आकडे आढळतात. प्रा. दि. ब. देवधर ह्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली, त्यांतील दुसऱ्या हंगामात उत्तर भारताविरुद्ध ७९८ धावांचा डाव उभारला गेला. त्याच हंगामात संस्कृतचे हे प्राध्यापक वयाची अठ्ठेचाळीस वर्षे उलटल्यावर मुंबईविरुद्ध २४६ धावा करून गेले. १९४८-४९ मध्ये पुण्यास काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राने ४ बाद ८२६ धावा केल्या. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ धावांवर असताना, ब्रॅडमनच्या ४५२ ह्या तत्कालीन उच्चांकाला अवघ्या नऊ धावा कमी असताना, प्रतिपक्षाने सामनाच सोडून दिला. त्याच मोसमात पुण्यातील मुंबई-महाराष्ट्र उपान्त्य सामन्यात चार डावांत मिळून २,३७६ धावा निघाल्या आणि मुंबई ३५४ धावांनी जिंकली. ह्याच्या उलट टोकाला १९७२-७३ चा मद्रासमधील अंतिम सामना आहे. तेथे मुंबईने १५१ आणि ११३ एवढ्याच धावा केल्या. पण तमिळनाडूचे डाव ८० आणि ६१ धावांत आटोपले आणि पद्माकर शिवलकर ह्यांनी १६ धावांत आठ व १८ धावांत पाच बळी घेतले. ३५४ धावांचा पुण्याचा विजय मोठा की १२३ धावांचा मद्रासचा? पहिल्या सामन्यात खेळपट्टी निर्जीव आणि खेळाला वेळेची मर्यादा नाही. दुसऱ्यात चेंडू पहिल्या दिवसापासून वळत होता. धावांचा हा आकडा खेळपट्टी, वेळ आणि नियम ह्यांच्या गुणाकारातून निघतो. तो एका काळातून उचलून दुसऱ्या काळात ठेवता येत नाही.

तेव्हा प्रथम स्पर्धेची रचना पाहणे आवश्यक ठरते. १९५७-५८ पासून संघ पाच विभागांत वाटून साखळी सामने होऊ लागले. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, बडोदा व सौराष्ट्र असे पाच संघ होते. विभागाचा विजेता तेवढा बाद फेरीत जाई; विभागातील दुसऱ्या क्रमांकाला प्रवेश मिळू लागला तो पुढे. म्हणजे मुंबईला चार साखळी सामन्यांनंतर दोन, फार तर तीन, बाद सामने खेळावे लागत. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावातील आघाडीवर निकाल लागे. ज्या संघाची फलंदाजी लांब आणि चिवट आहे त्याला हा नियम अतिशय सोयीचा. पहिल्या डावात पाचशे धावा जमवल्या की पराभवाचा धोका जवळजवळ संपतो, हे मुंबईने इतरांहून आधी ओळखले होते. ‘खडूस’ हे त्या खेळाला मिळालेले विशेषण निंदा आणि कौतुक ह्यांच्या सीमेवर उभे आहे, परंतु त्याच्या मागे नियमांचे अचूक आकलन होते.

२०२३-२४ मध्ये वरच्या गटात बत्तीस संघ होते. आठ-आठ संघांच्या चार गटांत प्रत्येकी सात सामने, नंतर उपान्त्यपूर्व, उपान्त्य आणि अंतिम, असे विजेत्याला दहा सामने खेळावे लागले. एखादा संघ प्रत्येक बाद सामना जिंकण्याची शक्यता ०.८ इतकी बाळगून असेल, तर दोन बाद सामने पार करण्याची शक्यता ०.६४ येते आणि तीन पार करण्याची ०.५१. संघ तोच, बळ तेच. केवळ एका अधिक फेरीने विजेतेपद नाणेफेकीच्या पातळीवर येते.

हाच हिशेब पंधरा वर्षांच्या परंपरेला लावून पाहावा. एका हंगामात विजेतेपद मिळण्याची शक्यता निम्मी धरली तर सलग पंधरा विजेतेपदांची शक्यता ३२,७६८ मध्ये एक एवढीच भरते. ती ०.८ धरली तरी शेकडा साडेतीनच्या आसपास राहते. पंधरा वर्षांची अखंड परंपरा ‘होईल किंवा न होईल’ अशा समान शक्यतेच्या टप्प्यात येण्यासाठी प्रत्येक हंगामात विजयाची शक्यता सुमारे ०.९५५ असावी लागते. चौकट थोडी रुंद केली तर निर्णय अधिक विश्वसनीय होतो: १९५५-५६ ते १९७६-७७ ह्या बावीस हंगामांत मुंबई वीस वेळा विजयी झाली; मध्ये १९५७-५८ साली बडोद्याने आणि १९७३-७४ साली कर्नाटकाने करंडक नेला. वीस भागिले बावीस म्हणजे सुमारे ०.९१. एवढे बळ असलेल्या संघालाही ठराविक पंधरा हंगाम ओळीने जिंकण्याची शक्यता शेकडा चोवीसच राहते. त्या परंपरेत दैवाचाही वाटा होता, असा ह्याचा अर्थ, परंतु ०.९१ हा पाया दैवाने मिळत नाही. ऑस्ट्रेलियाच्या शेफील्ड शील्डमध्ये न्यू साऊथ वेल्सने १९५३-५४ पासून सलग नऊ, तर इंग्लंडच्या काउंटी स्पर्धेत सरेने १९५२ पासून सलग सात विजेतेपदे मिळवली. मुंबईची पंधरा ह्या दोहोंच्या पलीकडची आहेत. प्रत्येक हंगाम स्वतंत्र मानणे अर्थातच काटेकोर नव्हे, कारण खेळाडू वर्षानुवर्षे तेच राहतात. येथे ह्या हिशेबाचा उपयोग केवळ परिमाणाचा अंदाज येण्यापुरता आहे.

आता अलीकडचा काळ. कोरोनामुळे २०२०-२१ ची स्पर्धा झाली नाही. ते वर्ष वगळता २००९-१० ते २०२४-२५ ह्या काळातही बरोबर पंधराच हंगाम भरतात. त्यांत मुंबईला चार, विदर्भाला तीन, राजस्थान, कर्नाटक व सौराष्ट्र ह्यांना प्रत्येकी दोन आणि गुजरात व मध्य प्रदेश ह्यांना प्रत्येकी एक विजेतेपद मिळाले. सात संघ विजयी झाले, त्यांपैकी राजस्थान, गुजरात व विदर्भ ह्यांचे ते पहिलेच यश होते. राजस्थान तर २०१०-११ साली खालच्या गटातून येऊन विजेता झाला. सर्वाधिक विजेतेपदे ह्याही पंधरा हंगामांत मुंबईचीच आहेत, पण पंधरापैकी चार. ह्यावरून मुंबईचे क्रिकेट खालावले, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत.

तो निष्कर्ष घाईचा आहे. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड ह्यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात बेसबॉलमधील एक कोडे हाताळले होते. त्या खेळात चार-दशांश किंवा त्याहून अधिक सरासरी राखणारे फटकेबाज पूर्वी अधूनमधून निपजत; १९४१ च्या टेड विल्यम्सनंतर मोठ्या संघांच्या स्पर्धेत तसा एकही झाला नाही. फटकेबाजीची कला लोपली, असे सामान्य मत होते. गूल्ड ह्यांनी दाखवले की, सर्व फटकेबाजांची एकत्रित सरासरी दीर्घकाळ जवळजवळ स्थिर राहिली होती. कमी झाली होती ती सरासरीभोवतीची पसरण. खेळाचा सर्वसाधारण दर्जा वाढला, दुबळे गोलंदाज आणि दुबळे क्षेत्ररक्षक नाहीसे झाले, आणि म्हणून सर्वोत्तम खेळाडूला इतरांपासून फार दूर जाता येईनासे झाले. शिखर खचले नाही. भोवतालचे पठार वर आले.

रणजी करंडकाला हा विचार तंतोतंत लागू पडतो काय? एक अडचण आहे. भारतीय संघातील खेळाडू आता आंतरराष्ट्रीय सामन्यांत इतके गुंतलेले असतात की स्थानिक स्पर्धेत ते क्वचितच उतरतात. प्रत्येक संघातून वरचा थर असा काढून घेतला तरी संघासंघांतील अंतर कमी होते, आणि दर्जा न वाढताही विजेतेपदे वाटली जातात. दोन्ही कारणांचा बाह्य परिणाम सारखाच दिसतो. त्यांना वेगळे करण्यासाठी असा एखादा हंगाम हवा, ज्यात पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मुंबईचाही वरचा थर काढून घेतला गेला होता.

सुदैवाने तसा हंगाम उपलब्ध आहे. १९७१ च्या आरंभी भारतीय संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेला. अजित वाडेकर, सुनील गावसकर, दिलीप सरदेसाई, एकनाथ सोलकर आणि अशोक मांकड हे मुंबईचे पाच खेळाडू त्या संघात होते. हे पाच जण वेस्ट इंडीजमध्ये ऐतिहासिक मालिका खेळत असताना मुंबईने सुधीर नाईक ह्यांच्या नेतृत्वाखाली १९७०-७१ चा अंतिम सामना खेळला. समोर महाराष्ट्राचा संघ होता, आणि महाराष्ट्राचा एकही खेळाडू त्या दौऱ्यावर गेलेला नव्हता. निम्म्या फलंदाजीवाचून खेळणाऱ्या मुंबईने पूर्ण बळाच्या महाराष्ट्राला ४८ धावांनी हरवले. सामाजिक शास्त्रांत प्रयोगशाळेतल्याप्रमाणे घटक वेगळे करता येत नाहीत, अशी तक्रार नेहमी होते. येथे परिस्थितीनेच तो प्रयोग करून दाखवला.

ह्या सामन्यातून निघणारा अर्थ पंधरा विजेतेपदांच्या संख्येहून मोलाचा आहे. मुंबईचे प्राबल्य तारकांवर अवलंबून नव्हते. ते दुसऱ्या फळीत होते. शिवलकर ह्यांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले आणि तरीही त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते. देशाच्या दृष्टीने ही हानी. मुंबईच्या दृष्टीने मात्र असा गोलंदाज वर्षभर हाताशी राहिला. दुसऱ्या फळीचा हा साठा शालेय स्पर्धा, १९४८ पासून भर पावसाळ्यात ओल्या खेळपट्ट्यांवर चालणारी कांगा साखळी, आणि खेळाडूंना नोकऱ्या देणाऱ्या कंपन्या ह्यांनी मिळून निर्माण केला होता. त्या काळी अन्य कोणत्याही संघाजवळ एवढी साखळी एका शहरात, लोकलच्या एका प्रवासाच्या अंतरात, उपलब्ध नव्हती.

आजच्या मुंबईकडे दुसरी फळी नाही असे मात्र नाही. २०२४ च्या उपान्त्यपूर्व सामन्यात बडोद्याविरुद्ध तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे ह्या दहाव्या व अकराव्या क्रमांकाच्या खेळाडूंनी एकाच डावात शतके केली. प्रथम श्रेणी क्रिकेटच्या इतिहासात हे पूर्वी एकदाच, १९४६ मध्ये सरेविरुद्ध, घडले होते, आणि ते करणाऱ्या शुटे बॅनर्जी व चंदू सरवटे ह्या जोडीतील सरवटे हे होळकर संघाचे खेळाडू. परंतु पुढच्याच हंगामात नागपुरास विदर्भाने मुंबईला उपान्त्य सामन्यात ८० धावांनी हरवले आणि करंडकही नेला. १९७१ साली पाच खेळाडू वजा होऊनही टिकलेले अंतर आता उरलेले नाही. जुन्या मुंबईचा तिच्या समकालीनांवरील वरचष्मा आजच्या मुंबईहून कितीतरी अधिक होता, हे निश्चितपणे म्हणता येते. आजची मुंबई जुन्या मुंबईहून दुबळी आहे, हे मात्र ह्या पुराव्यातून निघत नाही. पहिले विधान नात्याविषयी आहे, दुसरे निरपेक्ष बळाविषयी. आणि बहुतेक वादांत पहिल्याचा पुरावा देऊन दुसऱ्याचा निकाल लावला जातो.

एक प्रश्न अद्याप राहतो, आणि अहमदनगर जिल्ह्याच्या दृष्टीने तो सर्वांत जवळचा आहे. आतापर्यंत ‘संघ’ हे तुलनेचे एकक गृहीत धरले. पण संघाचे नाव तेच राहिले तरी त्याचे पाणलोट क्षेत्र तेच राहते काय? क्रिकेटच्या व्यवस्थेत अहमदनगर जिल्हा पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडे येतो. ह्या जिल्ह्यातील दोन खेळाडूंनी भारतीय क्रिकेटमध्ये मोठे नाव मिळवले: श्रीरामपूरचा झहीर खान आणि आश्वी खुर्दचा रहाणे. झहीर मुंबईतील क्लब क्रिकेट आणि चेन्नईची वेगवान गोलंदाजांची संस्था ह्यांतून बडोद्याच्या संघात गेला. २०००-०१ मध्ये बडोद्याने रेल्वेला हरवून करंडक मिळवला तो प्रामुख्याने त्याच्या गोलंदाजीवर, आणि २००६-०७ मध्ये मुंबईने बंगालवर मिळवलेल्या अंतिम विजयातही तो होता. रहाणे डोंबिवलीत वाढला आणि मुंबईकडून खेळला. ह्या दोघांच्या नावे जिल्ह्याच्या खात्यावर जमा होऊ शकणारी विजेतेपदे अशा रीतीने बडोदा व मुंबई ह्यांच्या खात्यावर गेली.

ही वाट नवी नाही. सांगलीचे विजय हजारे ह्यांनी १९३९-४० मध्ये महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या आणि दोनच हंगामांत ते बडोद्याच्याच संघात दाखल झाले. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात होळकरविरुद्ध गुल महंमद ह्यांच्यासह त्यांची ५७७ धावांची भागी बडोद्याच्या नावावर आहे. निंबाळकर पुढे होळकर संघातून खेळले. संस्थानिकांचा आश्रय संपला, त्याची जागा मुंबईच्या कंपन्यांनी आणि शहराकडे होणाऱ्या स्थलांतराने घेतली. प्रवाहाची दिशा मात्र फारशी पालटली नाही. महाराष्ट्र संघाने १९४०-४१ नंतर एकही रणजी करंडक जिंकलेला नाही. १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ ह्या तीन अंतिम सामन्यांत तो पराभूत झाला. ह्या आकड्यांकडे पाहून पुणे, नगर, नाशिक ह्या भागांत गुणवत्ता उपजतच कमी आहे असे म्हणणे, म्हणजे नदीचे पाणी खालच्या धरणात मोजून उगमाशी पाऊस पडत नाही असे ठरवण्यासारखे होईल.

म्हणून मुंबईच्या बेचाळीस विजेतेपदांची काळानुसार तुलना करू पाहणाऱ्या अभ्यासकाला धावफलकांबरोबर दुसरीही एक सारणी लागेल: प्रत्येक विजयी संघातील अकरा खेळाडूंचे जन्मस्थान, शाळा, आणि मुंबईत येण्याचे वय. १९५८-५९ च्या संघातील किती जण गिरगाव, दादर, माटुंगा ह्या वस्त्यांत वाढले आणि २०२३-२४ च्या संघातील किती जण डोंबिवली, कल्याण, वसई-विरारच्या बाजूचे किंवा त्याहूनही दूरच्या गावांतले, हे एकदा मांडले गेले की ‘मुंबई’ ह्या एकाच नावाखाली किती निरनिराळे संघ नांदले ते दिसू लागेल. पदव्युत्तर प्रबंधासाठी ही सामग्री जमवणे अवघड नाही. त्यातील बरीचशी नोंदपुस्तकांत आहे आणि उरलेली अजून लोकांच्या स्मरणात आहे.